पक्कं वाइंडिंग

सुनेच्या टेबलाला हात लावायचा नाही, हे रूपरावांना घरातल्या प्रत्येकानं निदान एकदा सांगून झालं होतं. सून वर्षालीनं गोडीनं सांगितलं होतं. बायको आनंदाबाईंनी त्यांच्या पद्धतीनं सांगितलं होतं, म्हणजे ते तिसऱ्या घरापर्यंत ऐकू गेलं होतं. मुलगा मुकेश यानं तर बुटीबोरीहून, भर ड्यूटीवरून फोन करून सांगितलं होतं. रूपराव प्रत्येक वेळी ‘बरं’ म्हणाले होते. ‘बरं’ म्हणायला त्यांचं काही जात नव्हतं.

ते टेबल पुढच्या खोलीत खिडकीशी होतं. त्यावर तांब्याच्या तारेची रिळं, बारीक तोंडाच्या पकडी, आणि एका बशीत खडे. वरून घुमटासारखे फुगीर, खालून सपाट घासलेले, चकाकणारे. वर्षाली त्या खड्यांभोवती तार वळवून, वेलबुट्टी काढून पेंडंट करायची. मोबाइलवर पाहून शिकली होती, आणि आता बचत गटाच्या प्रदर्शनात तिचा माल पहिल्या दिवशीच संपायचा. हिंगणघाटातल्या बायका घरी येऊन ऑर्डरी देऊन जात.

आणि रूपराव? रूपरावांनी चाळीस वर्षं मोटर वाइंडिंग केलं होतं. जळालेल्या मोटरीतली जुनी तार काढायची आणि नवी भरायची. अर्ध्या तालुक्यातल्या विहिरींवरच्या आणि जिनिंगमधल्या मोटरी त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी तपासणीत साखर निघाली, पायाला जखम झाली ती दोन महिने भरेना, तेव्हा घरच्यांनी दुकानच बंद करायला लावलं. गोड बंद, दुकान बंद. पाय पलंगावर ठेवले की गप्प बसतात, हातांचं तसं नसतं. ते आपले आपणच वळवळत राहतात. रूपरावांनी घरातल्या सगळ्या झाडूंच्या मुठी तारेनं बांधून काढल्या होत्या, आणि आता बांधायला झाडू उरला नव्हता.

त्या दिवशी मे महिन्यातलं ऊन सकाळी नऊलाच पेटलं होतं. वर्षाली गटाच्या बैठकीला वर्ध्याला निघाली होती. चप्पल घालता घालता तिनं बजावलं.

“मामाजी, मी साडेसहापर्यंत येतो. सात वाजता कोकिळाताई येनार हायेत, त्यायच्या आईच्या खड्याचं पेंडंट न्याले. उद्या अपेक्षाचं साक्षगंध हाये. अन् टेबलाले...”

“बरं,” रूपराव म्हणाले.

कोकिळाबाईंच्या खड्याची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. मधाच्या रंगाचा अकीक, कडेला एक पांढरी रेघ. त्यांच्या आईनं तो जन्मभर अंगठीत वापरला होता. अंगठी झिजून तुटली, आई गेली, खडा राहिला. तो आता साखरपुड्यात मुलीच्या, अपेक्षाच्या गळ्यात घालायचा होता. आठवड्यापूर्वी वर्षालीच्या हातात देताना कोकिळाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “वर्षाली, हा हरवला तं माही आई दुसऱ्यांदा जाईन,” त्या म्हणाल्या होत्या. तेव्हा पलंगावर पडून ऐकणाऱ्या रूपरावांनीही कूस बदलून चष्मा पुसला होता.

दहा वाजता आनंदाबाई आंघोळीला गेल्या आणि रूपराव सहज टेबलाशी गेले. नुसतं बघायला. बशीत सात खडे होते, सगळे मधाच्या रंगाचे, आणि बाजूला काळ्या खड्याचं एक अर्धवट पेंडंट. रूपरावांनी ते उचलून चष्म्यासमोर धरलं आणि त्यांच्या काळजात धस्स झालं. दोन फेऱ्यांमध्ये नखभर फट! एक तार इकडं वळलेली, दुसरी तिकडं वळून फुलासारखी उघडलेली, आणि मधून खडा सरळ बाहेर डोकावतोय! असं काम त्यांच्या दुकानातून बाहेर पडलं असतं तर मोटर संध्याकाळपर्यंत जळून कोळसा झाली असती.

“बिचारीले कोनी शिकवलंच नाई,” रूपराव स्वतःशीच म्हणाले. आणि ते स्टुलावर बसले.

पहिल्या खड्याला त्यांनी सुती पट्टी गुंडाळली, मग तार. फेरीला फेरी चिकटून, आडवी, मग उभी, मग पुन्हा आडवी. चौऱ्याऐंशी फेऱ्या. दोन वर्षांनी बोटांना बोटांचं काम मिळालं होतं आणि ती अशी चालत होती की रूपरावांना स्वतःचंच कौतुक वाटलं. काम संपलं तेव्हा तळहातावर तांब्याचा एक लंबगोल गोळा होता. खडा औषधालाही दिसत नव्हता. आता मोटरीच्या आतलं तरी कधी दिसतं का? पण असतं ना आत, सुरक्षित!

वाइंडिंगवाला कधी एकच कॉइल करत नाही. कॉइली नेहमी सेटनं होतात, आणि सेटमधली प्रत्येक कॉइल दुसरीसारखी हवी. आनंदाबाई आंघोळ करून परस्पर स्वयंपाकाला लागल्या होत्या; बारा वाजेपर्यंत बशीतले सातही खडे तारेत गेले होते. सगळ्यांना चौऱ्याऐंशी फेऱ्या, एक कमी नाही, एक जास्त नाही. मग रूपरावांनी माळ्यावरून दुकानातला जुना वार्निशचा डबा काढला, सातही गोळे त्यात बुडवले आणि गच्चीवर पत्र्याच्या तुकड्यावर वाळत घातले. दुकानात याला भट्टी लागायची. मे महिन्यात हिंगणघाटच्या गच्चीवर भट्टीचं काही काम नसतं, तासाभरात गोळे खडखडीत वाळले.

शेजारच्या गच्चीवर भैयाजी कुरड्या उलथत होते. भैयाजी एसटीत कंडक्टर होते, उभ्यानं तिकिटं फाडता फाडता त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते. आवाज मात्र अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा होता.

“काय गा रूपराव, हे काय वाळू घातलं?”

खरं सांगावं तर तासाभरात सगळ्या गल्लीला कळलं असतं, आणि सहाच्या आत वर्षालीला. रूपरावांनी इकडं तिकडं पाहिलं. भैयाजींचे गुडघे त्यांच्या नजरेसमोरच होते.

“गुडघ्याचं हाये,” ते म्हणाले.

“गुडघ्याचं?”

“तांब्याचं हाये ना. गुडघ्याले बांधतेत.”

झालं. भैयाजी मधला कठडा ओलांडून इकडं आले. ज्या माणसाला पायरी चढताना आई आठवायची, तो कठडा ओलांडून आला, इथंच रूपरावांना सावध व्हायला हवं होतं. भैयाजींनी एक गोळा उचलला, खिशातल्या रुमालानं गुडघ्याला बांधला, दोन पावलं चालून पाहिलं आणि त्यांचे डोळे विस्फारले.

“गरम लागून राह्यलं गा! आतपर्यंत गेलं!”

“उन्हातलं हाये, मंग गरमच लागन,” रूपराव म्हणाले. पण भैयाजी तोवर कठड्यापलीकडे गेले होते. त्यांना अल्लीपूरची बस पकडायची होती, मेहुण्याच्या नव्या घराची वास्तुशांती होती. जाताना ते चक्क जिना उतरून गेले, कठडा न धरता.

एक गेला तर गेला, रूपरावांनी मनाशी म्हटलं. सहा उरले. ते खाली येऊन पंख्याखाली आडवे झाले. दोन वर्षांत दुपारची अशी झोप लागली नव्हती.

तीन वाजता आनंदाबाईंनी त्यांना गदागदा हलवलं.

“मुकेशच्या बाबा, बशीतले खडे कुठं गेले?”

“सेफ हायेत.”

“सेफ म्हंजे?”

“पॅक हायेत. वाइंडिंग करून देल्लं.” रूपराव डोळे न उघडता म्हणाले. “एक नंबर काम झालं.”

आनंदाबाई क्षणभर काहीच बोलल्या नाहीत. हे इतकं विपरीत होतं की रूपरावांनी डोळे उघडले.

“अन् कोकिळाचा?” आनंदाबाईंनी हळूच विचारलं.

रूपराव उठून बसले. मग उभे राहिले. मग पुन्हा बसले. मधाच्या रंगाचा, कडेला पांढरी रेघ. सात खडे एकामागून एक उचलताना त्यांनी रेघ पाहिली होती का? त्यांनी फक्त फेऱ्या मोजल्या होत्या. फेऱ्या मोजताना त्यांना कधी मोटर कोणाची आहे हेही आठवायचं नाही.

गच्चीवर सहा गोळे होते. सगळे सारखे. चाळीस वर्षं ज्या गोष्टीचा अभिमान धरला, तीच आता समोर दात विचकत होती. रूपरावांनी ते हातात तोलून पाहिले, कानाशी हलवून पाहिले, शेवटी कटर घेऊन पहिला उघडायला बसले.

गिऱ्हाइकाला ते नेहमी एकच गोष्ट सांगायचे, “मोटर जळन, पन वाइंडिंग सुटनार नाई.” ते खरं होतं. वार्निशनं तार तारेला अशी धरली होती की कटरचं तोंड शिरायला जागा नव्हती. खड्याला ओरखडा पडू द्यायचा नाही, म्हणून जोरही करता येईना. रूपराव घामानं निथळत होते आणि ज्या माणसानं हे वाइंडिंग केलं त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते.

“जरासं ढिलं केलं असतं तं काय झालं असतं?” आनंदाबाई विचारत होत्या.

“ढिलं कसं करनार?” रूपराव कळवळून म्हणाले. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

साडेचारला सहावा गोळा उघडला. सहाही खडे साधे निघाले. एकालाही पांढरी रेघ नाही. म्हणजे हिशेब सरळ होता. कोकिळाबाईंच्या आईचा खडा अल्लीपुरात, भैयाजींच्या उजव्या गुडघ्यावर होता.

“चाला,” आनंदाबाई पदर खोचत म्हणाल्या. “मी बी येतो. तुमी एकटे गेले तं अजून कायतरी गुंडाळून ठेवसान.”

स्कूटरवरून दोघं अल्लीपुरात पोचले तेव्हा वास्तुशांतीचं घर विचारावं लागलं नाही, भैयाजींचा आवाज मुख्य रस्त्यावरच भेटला. मांडवात जेवणं उरकली होती आणि भैयाजी मधोमध चटईवर मांडी घालून बसले होते. मांडी घालून! आनंदाबाईंनी तोंडाला पदर लावला. भोवती पंधरा-वीस माणसं बसून त्यांचा गुडघा पाहत होती.

“या, या! हेच ते रूपराव!” भैयाजी ओरडले. “सात वर्षांनी खाली बसून जेवलो! वाढनारा थकला, मी नाई उठलो!”

रूपराव वाकून त्यांच्या कानाशी म्हणाले, “भैयाजी, थे मले वापस पायजे.”

“काय?”

“गोळा. वापस.”

“जीव माग रूपराव, जीव देतो,” भैयाजी गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून म्हणाले. “हे नाई.”

शेवटी रूपराव सरळ उभे राहिले आणि सगळ्यांसमोर खरं बोलले. हे सोपं नव्हतं, पण घड्याळात सव्वापाच होत आले होते. “बाप्पा हो, याच्यात काहीच औषध नाई. मी खोटं बोललो. नुसती तार हाये अन् आतमधी एक खडा हाये.”

 मग मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, “खडा? कोनता खडा?”

“अकीक.”

“पहा! मी म्हनलंच होतं!” म्हातारा शेजाऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला. “नुसत्या तांब्यानं एवढा फरक पडत नाई. आतमधी खडा हाये!”

आता प्रत्येकाला तो हवा होता. भैयाजींनी तर रुमालाला आणखी एक गाठ मारली. तेव्हा आनंदाबाई पुढे झाल्या. पूजेच्या चौरंगावर सुपाऱ्यांची रास होती. त्यातली एक उचलून त्यांनी नवऱ्यापुढे धरली.

“भैयाजी, तुमाले हे बांधून देतेत. पूजेची सुपारी हाये. आताच मंत्र झाले तिच्यावर. खड्यापेक्षा काय कमी हाये का?”

भैयाजी विचारात पडले. खडा नुसता खडा होता, सुपारी गणपती म्हणून पुजलेली होती. “अन् फेऱ्या तेवढ्याच पायजे,” ते म्हणाले.

रूपराव डॉक्टरांच्या गोळ्या घरी विसरत, पण स्कूटरच्या डिक्कीत तारेचं रीळ कायम असे. ते चटईवर बसले आणि सुरू झाले. चौऱ्याऐंशी फेऱ्या. लोक वाकून वाकून पाहत होते. “हात पहा, हात! मशीन हाये!” कोणीतरी म्हणालं. रूपरावांना ते ऐकू आलं नाही असं त्यांनी दाखवलं. पहिली सुपारी भैयाजींच्या गुडघ्यावर गेली, गोळा रूपरावांच्या खिशात आला, आणि दुसरी सुपारी समोर आली, मग तिसरी. कोणाच्या बायकोचा खांदा, कोणाच्या आईची कंबर. रूपराव प्रत्येकाला “याच्यानं काही होत नाई जी” असं बजावत होते आणि प्रत्येकाला गुंडाळूनही देत होते. खरं सांगायचं तर आपण इथं कशासाठी आलो हे ते पाचव्या सुपारीपाशी पार विसरले होते. दोन वर्षांत ते इतके सुखी कधीच नव्हते.

“मुकेशच्या बाबा! सव्वासहा झाले!” आनंदाबाई कडाडल्या.

घरी पोचायला सात वाजले. वर्षालीची चप्पल दारात होती. रूपरावांनी स्कूटरवरूनच उडी मारल्यासारखं केलं, डिक्कीतून कटर काढला आणि अंगणातल्या ओट्याआड उभं राहून सातवा गोळा फोडायला घेतला.  शेवटची तार सुटली, पट्टी निघाली, खडा तळहातावर पडला.

मधाच्या रंगाचा. साधा. रेघ नाही.

आतून कोकिळाबाईंचा आवाज येत होता. “झालं का वर्षाली? अपेक्षा सकाळपासून ईचारून राहिली.”

खिशातले सहा आणि हा सातवा, असे सातही खडे मुठीत घेऊन रूपराव आत गेले. त्यांच्या आयुष्यात एवढी मोठी मोटर जळाली नव्हती. दुसऱ्याची आई दुसऱ्यांदा गेली होती आणि ती त्यांनी घालवली होती. 

“कोकिळाबाई,” ते म्हणाले, “वर्षालीचा काही दोष नाई. माह्या हातानं झालं. मी टेबलाले हात लावला. सगळे खडे गुंडाळले अन् सगळे उघडले, पन तुमच्या आईचा त्याच्यात नाई. कुठं गेला मले समजत नाई. तुमी जे म्हनसान थे मी...” त्यांचे डोळे भरून आले.

कोकिळाबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. वर्षाली सासऱ्यांच्या मुठीतल्या खड्यांकडे पाहत होती, त्यांच्या बोटांवरच्या वार्निशकडे, आणि मागे दारात उभ्या असलेल्या सासूकडे. मग ती स्वयंपाकघरात गेली. डब्याचं झाकण काढल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक छोटी डबी होती आणि डबीला साखरेचे कण चिकटले होते.

डबीत पेंडंट होतं. मधाच्या रंगाचा खडा, कडेची पांढरी रेघ. तांब्याची तार तिच्या बाजूबाजूनं वेलीसारखी गेली होती, कुठं वळून पान झाली होती, आणि खड्यावर कुठंही आली नव्हती.

“कालच झालतं, ताई,” वर्षाली म्हणाली.

कोकिळाबाईंनी ते हातात घेतलं, रेघेवरून अंगठा फिरवला आणि रडायला लागल्या. मग हसल्या, मग वर्षालीला जवळ घेतलं, आणि निघताना रूपरावांनाही वाकून नमस्कार करून गेल्या. रूपरावांना तो नमस्कार कुठं ठेवावा कळेना. पण छातीवरचा धोंडा उतरला होता. ते पलंगावर बसले आणि दीर्घ श्वास घेतला.

“साखरेच्या डब्यात काऊन ठेवलता?” त्यांनी विचारलं. “मले तं साखर बंद हाये. मी तिकडं जातच नाई, म्हनून?”

“नाई मामाजी,” वर्षाली म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. “तुमी तिकडं रोज चार वाजता जाता, म्हनून.”

रूपरावांचा श्वास तिथंच अडकला.

“दुसरीकडं कुठं सापडला असता तं तुमी उचलला असता अन् गुंडाळला असता,” ती म्हणाली. “साखरेत सापडला असता तं तुमाले कोनाले सांगता बी आलं नसतं अन् हात बी लावता आला नसता. घरात तेवढी एकच जागा सेफ होती.”

आज चार वाजता रूपराव गच्चीवर पाचवा गोळा फोडत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांची साखर चुकली होती, आणि तेवढी एक चिमूट घ्यायला ते डब्याशी गेले असते तर हे सगळं रामायण तिथंच मिटलं असतं! त्यांनी हळूच दाराकडं पाहिलं. आनंदाबाई तिथंच उभ्या होत्या, आणि पुन्हा काही बोलत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अल्लीपूरहून भैयाजींचा फोन आला, आणखी अकरा सुपाऱ्या तयार आहेत म्हणून. वर्षालीनं टेबलाचा डावा कोपरा रिकामा केला, एक रीळ ठेवलं आणि स्टूल ओढून दिलं. “सुपाऱ्या तुमच्या, खडे माहे,” ती म्हणाली. “अन् औषध हाये असं कोनाले म्हनायचं नाई.”

“बरं,” रूपराव म्हणाले, आणि या वेळी मनापासून म्हणाले. ते स्टुलावर बसले, चष्मा पुसला, बोटं मोडली.

तेवढ्यात आनंदाबाई आल्या आणि त्यांनी साखरेचा डबा टेबलावर ठेवला. “चहापुरती साखर मी काढून घेतली. वाटी माह्यापाशी राहीन,” त्या म्हणाल्या. “आता हा बांधा.”

“हा?”

“हा. झाकनापासून बुडापर्यंत. पक्कं. अन् वार्निश बी लावा.”

रूपरावांनी सुनेकडं पाहिलं. ती खिडकीतून बाहेर पाहत होती. त्यांनी रिळाची तार ओढली. पहिल्या दोन फेऱ्या जरा ढिल्या घालाव्यात असं त्यांच्या मनात आलं, आनंदाबाईंना काय कळणार होतं? पण बोटांना ते येईना. ती आपली फेरीला फेरी चिकटवत गेली, आडवी, मग उभी, मग पुन्हा आडवी. शेवटची फेरी संपल्यावर रूपरावांनी सवयीनं नख फिरवून पाहिलं. कुठंही फट नव्हती. काम एकदम चोख झालं होतं.